डाग पाडायची ऑर्डर

लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या पोटच्या पोरानं मला काम काय आणून दिलं, तर डाग पाडायचं.

"आई, ही सैनिकाची वर्दी. कोरी करकरीत आहे. पण दिसली अशी पाहिजे, की माणूस ती घालून वर्षभर चिखलात लोळलाय."

हा माझा धाकटा. सिनेमा काढतो. म्हणजे अजून काढलेला नाही, काढतोय. नाचगाण्याचा नाही, मोठ्या कंपनीचा नाही, स्वतःच्या हिमतीवरचा सिनेमा, असं चारचौघांत सांगतो. स्वतःच्या हिमतीवरचा म्हणजे घर आईचं, चहा आईचा, वीज आईची, आणि हिंमत तेवढी याची. गोष्ट काय, तर एक सैनिक लढाईवरून घरी येतो आणि त्याचं मन काही ठिकाणावर राहत नाही. असला सैनिक शोधायला याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. थोरला भाऊ घरातच होता.

आमचं घर म्हणजे खाली लाँड्री आणि वर राहत्या खोल्या. खाली बॉयलर, धुण्याची दोन मोठी यंत्रं, इस्त्रीची टेबलं; वर आम्ही. नवरा गेल्यापासून सगळा कारभार मी ओढते आणि त्याबद्दल मला कुणाची शाबासकी नको. फक्त कामाच्या वेळी मधे मधे येऊ नका, एवढीच अपेक्षा. तर या सिनेमावाल्यांनी वरचं अख्खं घर ताब्यात घेतलं. कॅमेऱ्यावर एक टोपीवाला. कपड्यांचं बघणारी एक पोरगी, जिच्या स्वतःच्या पँटला गुडघ्यावर भोकं. कानावर हेडफोन लावून बसलेला एक आवाजवाला. आणि हिरो. हिरो म्हणजे आरडाओरडा. सकाळी ताट आपटायचा, दुपारी खुर्ची आपटायचा, आणि चहाच्या वेळी विचारायचा, "आई, साखर कमी आहे का हो?"

मी धाकट्याला म्हटलं, "अरे, तुझा भाऊ आल्यापासून एक वाटीसुद्धा आपटली नाही त्यानं. हा काय भांड्यांच्या दुकानात शिरलेला बैल दाखवतोयस?"

"आई, आतली घालमेल पडद्यावर दिसावी लागते."

"मग आतली दाखव ना. भांडी माझी आहेत."

थोरला खरंच एकदम उलटा. लढाईवरून परत आला तो धडधाकट आला. लोक म्हणाले, नशीबवान आहात. मीही म्हटलं, आहोत. पण बोलणं तिकडेच ठेवून आला. हो, नाही, ठीक आहे, एवढ्या शिदोरीवर हा माणूस दिवस काढतो. झोप लागली का? ठीक आहे. डोकं दुखतंय का? नाही. डॉक्टरकडे जायचं का? ठीक आहे, म्हणजे नाही. भिंतीशी बोललं तर भिंत निदान घुमते तरी. सकाळी उजाडलं की खाली लाँड्रीत येणार, बॉयलरच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणार, आणि काम संपलं तरी तिथंच स्टूल टाकून बसणार. वर चल म्हटलं तर मान हलवणार. एवढ्या उकाड्यात! मी म्हणायचे, करू दे बापडा, निदान कामाला तरी लागलाय.

सिनेमाला त्यानं होकार दिला तोही असाच. धाकट्यानं तासभर समजावलं, हा म्हणाला, "काढ." मग जाता जाता थांबला आणि म्हणाला, "पण आपल्या घरातलं काही नको." एवढं लांब वाक्य कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, म्हणून माझ्या चांगलं लक्षात राहिलं.

घरातलं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी खाली गिऱ्हाइकाचे कपडे मोजून घेत होते, तोच वरून नातीची किंकाळी आली. जिना चढून जाईपर्यंत सून न्हाणीघरातून ओल्या हातांनी बाहेर आलेली. थोरला जमिनीवर पालथा, आणि त्याच्या खाली पोरगी. तिला अशी आवळून धरलेली, की आम्ही दोघींनी मिळून त्याची बोटं सोडवली. पोरीचं मनगट मोडलं होतं. सून त्याला विचारत होती, काय केलंस? का केलंस? अरे, काय केलं होतं तिनं तुझं? हा भिंतीकडे बघत बसला. दवाखान्यातही नाही बोलला. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनेनं वाट पाहिली, मग पोरीला घेऊन माहेरी गेली. मी तिला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार? माझा पोरगा लेकरावर हात उचलणारा नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण मग झालं काय, ते मला सांगता येत नव्हतं. आणि घरात आम्ही तो विषय बंद केला. झाकली मूठ.

आता मध्यंतरी सुनेचा फोन आला होता. "आई, रविवारी येते. पोरगी तुमची आठवण काढते. एकदा येऊन बघते, मग काय ते ठरवते."

काय ते ठरवते, म्हणजे राहायचं की कायमचं जायचं. एवढं न सांगता कळतं मला. मी धाकट्याला बजावलं, की शनिवारी तुमचा बाडबिस्तरा उचलायचा. रविवारी मला घर घरासारखं हवंय. तो म्हणाला, "नक्की, आई." या पोराचं नक्की म्हणजे पाण्यावरची रेघ, पण आई ना मी, विश्वास ठेवला.

शनिवार उजाडला तेव्हा अर्धं काम शिल्लक. कारण विचारलं, तर आवाजवाला. हा मुलगा दर थोड्या वेळानं हात वर करायचा. "कट! पुन्हा तो आवाज आला."

"कुठला आवाज?" मी विचारलं.

"आत्ता झाला तो!"

"काही झालं नाही बाबा. कान तपासून घे."

धाकटाही म्हणाला, काही नाही झालं. मग आवाजवाल्यानं मला हात धरून जिन्यात नेलं आणि उभं केलं. थोड्या वेळानं म्हणाला, "हा!" तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की तो आमच्या बॉयलरबद्दल बोलतोय. प्रेशर वाढलं की झडप आपोआप उघडते आणि वाफ सोडते. त्यात काय ऐकायचं? लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस दचकले असेन, मग विसरले. माझी पोरं त्या आवाजात जन्मली, त्यातच झोपली. आपला श्वास आपल्याला ऐकू येतो का?

"बंद करा ना तो," आवाजवाला म्हणाला.

"बॉयलर बंद केला तर हॉटेलच्या चादरी तुझ्या तोंडाच्या वाफेवर वाळवू का?"

त्याच दुपारी ती भोकाच्या पँटची पोरगी खाली आली. हातात एक लहान फ्रॉक. लालसर, फुलाफुलांचा. म्हणाली, "आई, हा जरा वापरलेला दिसेल असा करून द्याल? आणि ही बाही खांद्यापाशी उसवायचीय."

"का गं, उंदरानं खाल्ला असं दाखवायचंय?"

"नाही हो. सैनिक मुलीचा हात पिरगाळतो ना, तेव्हा उसवते. उद्याचा सीन आहे. सिनेमातला सगळ्यात मोठा."

ती सहज बोलून गेली बिचारी. तिला काय माहीत. मी फ्रॉक हातात घेऊन उभी राहिले. बॉयलरपाशी थोरला पाठमोरा इस्त्री करत होता. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्याच्या पाठीवरून काहीच कळत नाही.

मी वर गेले आणि धाकट्याला बखोटीला धरून स्वयंपाकघरात आणलं. "हात पिरगाळतो? उद्या? माझी सून उद्या येतेय, आणि तिच्या डोळ्यांदेखत तू तिच्या नवऱ्याचं हे दाखवणार?"

"आई, ती काल्पनिक मुलगी आहे."

"मग काल्पनिक मुलीचा हात माझ्या नातीसारखाच कसा मोडला? दुसरा कुठला अवयव सापडला नाही तुला?"

"या सीनशिवाय सिनेमा उभाच राहत नाही."

"नाही उभा राहिला तर बसू दे. भावाला शब्द दिला होतास."

"दादाला काय फरक पडतो? तो तर बोलतही नाही."

यावर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्यावर परिणामही झाला नाही. "उद्या सकाळी लवकर उरकतो, वहिनी यायच्या आत," म्हणाला, आणि गेला निघून. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा शहाणा नाही, दिग्दर्शक आहे.

मग मी माझ्या पद्धतीनं काम केलं.

ती वर्दी. मी स्वतः तिच्यावर किती खपले होते! चहाच्या पाण्यात बुडवली, माती चोळली, कोपरांना काचपेपर घासला. त्यावर त्यांच्या मेकअपवाल्यानं रक्ताचे डाग पाडले. अर्धा सिनेमा त्या डागांसकट काढून झालेला. संध्याकाळी सगळे जेवायला गेले तेव्हा खुंटीवरून काढली आणि खाली नेली. रक्त थंड पाण्यानं, माती ब्रशनं, चहाचा रंग सोड्यानं. धुतली, स्टार्च केली, वाफेच्या प्रेसमध्ये घातली. पँटची घडी अशी बसवली, की बोट कापावं. बटणं पुसली. आणि परत खुंटीवर.

रविवारी सकाळी जो गोंधळ माजला! ती पोरगी रडायच्या बेतात. टोपीवाला टोपी काढून बसला. खाली टक्कल निघालं. हिरो वर्दी घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पण यात मी छान दिसतोय."

"आई!" धाकटा ओरडला. "हे तू मुद्दाम केलंस!"

"लाँड्री आहे ही. खुंटीवर मळका कपडा दिसला, धुतला. धुणं हा गुन्हा असेल तर बोलवा पोलीस."

"अर्धा सिनेमा झालाय या मळक्या वर्दीत! आज हा असा नवरदेव कुठून आला म्हणून लोक विचारणार नाहीत?"

"विचारू देत. म्हणावं, त्याची आई जिवंत आहे."

आवाजवाला हसला. त्यामुळे धाकटा जास्तच पेटला. "ठीक आहे! वर्दीशिवाय करू. बनियनवर करू. घरातलाच तर सीन आहे. सैनिक रागात उठतो, मुलगी समोर येते, तो तिचा हात पकडतो..."

"असं नव्हतं."

दारात थोरला उभा. याआधी दिवसाउजेडी तो वर कधी आला होता, हेच मला आठवेना. हातात इस्त्री केलेल्या चादरींचा गठ्ठा होता. तो खाली ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

धाकट्याचा सगळा दिग्दर्शकपणा उतरला. "दादा, अरे, ही फक्त गोष्ट आहे..."

"मला राग आला नव्हता," थोरला म्हणाला. "ती खिडकीपाशी होती. बाहुलीशी बोलत होती. तो आवाज झाला. मी तिला खाली घेतलं."

"खाली घेतलं म्हणजे?"

थोरल्यानं गठ्ठा जमिनीवर ठेवला, आणि काही कळायच्या आत त्याच्यावर पडला. दोन्ही कोपरं टेकवून, डोकं खाली घालून, पाठ वर. चादरींचा कोपरासुद्धा बाहेर दिसत नव्हता. छप्पर कोसळलं असतं, तरी ते याच्याच पाठीवर पडलं असतं.

उठला, आणि गुडघे झटकत म्हणाला, "टेबलाचा पाय मधे आला. त्यावर तिचा हात आपटला."

"कसला आवाज?" मी विचारलं. "त्या दिवशी काही आवाज झाला नव्हता. मी खालीच होते!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी धाकट्याकडे. धाकट्यानं मान हलवली; तोही त्या दिवशी घरात होता, त्यालाही काही आठवत नव्हतं.

मग कोपऱ्यातून तो आवाजवाला, एक हेडफोन कानावरून सरकवून, कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "अहो, तोच. बॉयलरचा. मी आल्या दिवसापासून ओरडतोय, तर मलाच म्हणता कान तपास."

कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"पण तू दिवसभर त्याच्याच शेजारी बसतोस!" मी थोरल्याला म्हटलं.

"तिथं प्रेशरचा काटा दिसतो," तो म्हणाला. "काटा चढला की कळतं, आता सुटणार. वर कळत नाही."

एवढंच. इतके दिवस मी समजत होते, पोराला कामाची गोडी लागली. आणि हा त्या काट्यावर पहारा देत बसलेला! एकदा तोंड उघडून म्हणाला असता, आई, त्या झडपेचं काहीतरी कर, तर मी बॉयलर उचलून परसात नेला नसता? माझा संताप असा वर आला, की काय बोलू नि काय नको. पण माझ्याआधी दुसरंच कुणीतरी बोललं.

"हे तू आत्ता सांगतोयस? यांना?"

जिन्याच्या तोंडाशी सून. एका हाताला नात, दुसऱ्या हातात पिशवी. कधीपासून उभी होती, देव जाणे. चादरींवर पडलेला नवरा तिनं नक्की पाहिला होता, कारण चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज पांढरा नव्हता.

"मी दवाखान्यात विचारलं. घरी विचारलं. माहेरून फोन करकरून विचारलं. हात जोडले तुझ्यापुढे. आणि तू सांगतोस कुणाला, तर या हेडफोनवाल्याला?"

"सॉरी," आवाजवाला म्हणाला.

"तू गप्प बस!" सून आणि मी एकदम म्हणालो.

थोरला म्हणाला, "हात तर मोडला ना तिचा. मग का मोडला, त्यानं काय होतं?"

"काय होतं? अरे, मी रोज रात्री हाच विचार करत पडायचे, की हा माणूस पोरीला मारतो की नाही मारत! आणि तू म्हणतोस काय होतं?"

"मग पुन्हा झालं असतं तर?"

"तर पुन्हा सांगायचं!"

टोपीवाल्याचा हात हळूच कॅमेऱ्याकडे चाललेला मी पाहिला. त्याच्या हातावर चापट मारली. "चला, बाहेर व्हा! सगळे! तमाशा आहे का हा?"

"आई, हे खरंय, असं पुन्हा मिळणार नाही..." धाकटा.

"तुला आईचा मार पुन्हा मिळेल. हो बाहेर."

सगळ्यांना जिन्यावर काढलं, नातीला कडेवर घेतलं, दार ओढून घेतलं. जिन्यात आम्ही एकावर एक, चादरी रचाव्यात तसे. आत सून बोलत होती, मधेच तो बोलत होता. शब्द कळत नव्हते. नातीनं माझी हनुवटी धरून वळवली.

"आजी, ते भांडतायत?"

"हो गं बाई."

"बाबापण?"

"बाबापण."

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग चालेल."

माझं लक्ष आवाजवाल्याकडे गेलं. भिंतीला टेकून, डोळे मिटून, हेडफोन कानावर गच्च दाबून बसलेला. माईक आतच राहिला होता लबाडाचा! मी हेडफोन ओढून काढला.

"अहो, मी फक्त..."

"लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या घरातलं ऐकतोस?" आणि स्वतःच्या कानाला लावला. मी आई आहे, मला चालतं.

काय स्वच्छ ऐकू येतं हो त्यात! थोरला बोलत होता. सलग. कुठल्या तरी रस्त्याचं सांगत होता, तिकडचं, कोणा दोघा सोबत्यांचं. त्याचा आवाज असा आहे, हे मी विसरूनच गेले होते. मधे सून म्हणाली, "थांब, नीट सांग. कोण कुठं होतं?" तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. मला तिथून पुढं ऐकवेना. ते माझ्यासाठी नव्हतं. हेडफोन काढणार, तेवढ्यात सुनेचा आवाज चढला.

"आणि हे काय? माझ्या कपाटात ही कसली भेंडोळी कोंबलीत? पोरीचे कपडे कुठं ठेवू मी?"

मी हेडफोन आवाजवाल्याच्या मांडीवर टाकला आणि धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला.

"वहिनीच्या कपाटात काय भरलंयस?"

"वायरी. लाइटच्या. दुसरीकडे जागाच नव्हती..."

"काढ. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? अगं, आत भांडण चाललंय त्यांचं. मधे कसा जाऊ? आणि माझ्या सीनचं काय?"

"सीनचं काय करायचं ते भावाला विचार, त्याला तोंड फुटलंय आता. दार वाजवून जायचं, वायरी गोळा करायच्या आणि मुकाट बाहेर यायचं. आणि हे बघ, त्यांना 'वहिनी बसा, दादा शांत हो' असलं काही एक म्हणायचं नाही. त्यांचं चालू दे."